आकडा कोठून आला?

सन २०२४ च्या फेब्रुवारी महिन्यात पुणे शहर पोलिसांनी मेफेड्रोन नामक अमली पदार्थाचा प्रचंड साठा पकडला. तपासाचा धागा शहरातून निघाला आणि आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यात, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्यापर्यंत जाऊन पोहोचला. काष्टीहून दौंड जवळ, आणि दौंडहून कुरकुंभ जवळ. तेव्हा ही वार्ता आमच्या भागास परमुलखाची वाटण्याजोगी नव्हती. त्या वसाहतीतील कारखान्यांवर आसपासच्या गावांतील कित्येक घरांच्या चुली पेटतात. एका कारखान्यावर छापा पडला असता ‘तिकडे सगळीकडे हेच चालते’ एवढे एकच वाक्य मोबाइलवरून फिरू लागले, तर त्या प्रत्येक घरातील मिळवत्या माणसाकडे लोक कोणत्या नजरेने पाहतील, हे निराळे सांगावयास नको. याकरिता अशी वार्ता कशी वाचावी आणि कशी पडताळून पाहावी, याविषयी विद्यार्थ्यांशी व त्यांच्या पालकांशी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम पदार्थाचे नाव. वर्तमानपत्रांत त्यास ‘एमडी’ म्हणतात. (वैद्यकाच्या एका थोर पदवीसही एमडीच म्हणतात, बिचाऱ्या डॉक्टरांचा यात काय अपराध!) हे मेफेड्रोन अफूप्रमाणे झाडापासून निघत नाही, ते रसायनशाळेत तयार होते, आणि प्रथम तयार झाले ते १९२९ साली. महाजालावर शोध करू जाता मात्र ‘एमडीएमए’ नावाचा दुसराच पदार्थ पुढे येतो. तो १९१२ च्या सुमारास जर्मनीतील मर्क कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी केला. दोन्ही अपायकारक आहेत, परंतु दोन्ही एक नव्हेत. एकाचा इतिहास व परिणाम दुसऱ्याच्या नावावर खपविणारे लेख पुष्कळ आढळतात. लेखकाने नावच चुकीचे घेतले असेल, तर पुढील मजकुरावर भिस्त ठेवण्यापूर्वी वाचकाने सावध व्हावे. आपल्या देशात मेफेड्रोनचा समावेश अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात फेब्रुवारी २०१५ मध्ये झाला. ही तारीख सरकारी अधिसूचनेत पाहावयास मिळते. त्यापूर्वीच्या कोणा मेफेड्रोनच्या खटल्याची हकीकत या कायद्याखालील म्हणून कोणी सांगू लागला, तर त्यास हीच तारीख विचारावी.

आता आकड्यांकडे वळू. खरी गंमत, आणि खरा धोका, येथेच आहे.

या प्रकरणाचा आरंभ पुण्यातील सोमवार पेठेत झाला. तेथे सुमारे पावणेदोन किलो माल सापडला व त्याची किंमत साडेतीन कोटी रुपये सांगण्यात आली. पुढे विश्रांतवाडीच्या गोदामातील माल हाती लागला, मग कुरकुंभचा. तेव्हा बातमी आली, सुमारे ६०० किलो, किंमत १,१०० कोटी. लगेच दुसऱ्या दिवशी दिल्लीतील मालाची भर पडली आणि नवी बातमी आली, १,१०० किलोंहून अधिक, किंमत काही मथळ्यांत २,५०० कोटी. आणखी एकदोन दिवसांत एकूण साठा १,७०० किलोंच्या वर व किंमत ३,५०० कोटींच्या वर गेली. यातच सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील सुमारे १४० किलो आले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. मंगळवारी १,१०० हा आकडा कोटींचा होता. बुधवारी तोच आकडा किलोंचा झाला! घाईने वाचणाऱ्याच्या डोक्यात या दोहोंची खिचडी झाल्यास नवल काय? शिवाय हे आकडे चढत्या बेरजेचे आहेत. प्रत्येक नव्या आकड्याच्या पोटात मागील आकडा आहेच. ६००, १,१०० आणि १,७०० यांची बेरीज करून कोणी ‘तीन हजार चारशे किलो पकडले’ असे लिहील, तर त्याचे गणित बिनचूक आणि विधान साफ खोटे ठरेल. दिल्लीतील सुमारे ९७० किलोंचे तेच. तो माल पुण्याच्या एकूण आकड्यात धरलेला असता, कोणी ‘पुण्यात इतका, शिवाय दिल्लीत इतका’ असे सांगू लागला तर एकच पोते दोनदा तोलल्यासारखे होईल.

आता किमतीस वजनाने भागून पाहा. साडेतीन कोटींस पावणेदोन किलोंनी भागिले तर उत्तर दोन कोटी येते. ३,५०० कोटींस १,७०० किलोंनी भागिले तरी उत्तर दोन कोटींच्या आसपासच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातील कारखान्याच्या प्रकरणात सुमारे १५० किलो माल व ३०० कोटी किंमत सांगितली होती. तेथेही तोच भाव! म्हणजे हे हजारो कोटी कोणी मोजून पाहिलेले नाहीत. वजन मोजलेले आहे. किंमत ही त्या वजनास किलोमागे दोन कोटी, म्हणजे ग्रॅममागे वीस हजार रुपये, या ठरीव दराने गुणून काढलेली आहे. आणि १,१०० किलोंस या दराने गुणिले असता २,२०० कोटी येतात. तेव्हा मथळ्यातील २,५०० कोटींकडे भुवई उंचावून पाहण्याचा हक्क इयत्ता सातवीच्या मुलासही आहे.

काष्टीच्या बाजारात शेतकऱ्यास कांद्याचा जो भाव मिळतो, आणि मुंबईच्या गल्लीत गृहिणी पाव किलोस जो मोजते, त्यांतील अंतर आमच्या पालकांस ठाऊक आहे. श्रीगोंदे तालुक्यातील चाळीत साठविलेल्या कांद्याची किंमत कोणी मुंबईच्या किरकोळ दराने काढली आणि ‘शेतकरी पाहा कसा गबर झाला’ असे छापले, तर आपण त्यास हसू. विषाच्या व्यापाराचा हिशेबही तसाच वाचावा. किरकोळ विक्रीच्या दराने काढलेली किंमत म्हणजे कारखानदाराच्या तिजोरीतील पैसा नव्हे. मोठा आकडा वाचून एखाद्या पोराच्या मनात ‘एवढा पैसा!’ असा मोह उत्पन्न होण्याचा संभव असतो, म्हणून हे इतके विस्ताराने लिहिले. त्याच पोराने कायद्यातील आकडाही वाचावा. मेफेड्रोन पन्नास ग्रॅमच्या वर सापडले की ते व्यापारी प्रमाण ठरते, आणि गुन्हा सिद्ध झाल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी व किमान एक लाख रुपये दंड होतो. पन्नास ग्रॅम म्हणजे मूठभरही नव्हे.

‘कार्टेल’ हा शब्दही हल्ली सैल वापरला जातो. मुळात तो युद्धातील कैद्यांच्या अदलाबदलीच्या लेखी कराराचा शब्द. पुढे व्यापाऱ्यांनी संगनमताने भाव ठरविण्यास तो लागला, आणि आपल्या २००२ च्या स्पर्धा अधिनियमात त्याची व्याख्या याच अर्थाने दिली आहे. कोलंबियातील मेडेलिनच्या टोळीमुळे तो अमली पदार्थांस चिकटला. त्या टोळीचा म्होरक्या पाब्लो एस्कोबार १९९३ साली मारला गेला. परंतु त्याच्यावरील नाट्यमालिका पाहून तीच हकीकत इतिहास म्हणून सांगणारे अद्याप भेटतात. चारपाच जणांच्या प्रत्येक टोळीस कार्टेल म्हणू लागलो, तर शब्द मोठा होतो आणि समज लहान.

मग विश्वास ठेवावा कोणावर? सरकारी कागद हा प्रथम पाहावा, हे खरे. परंतु सरकारी म्हणून तो निर्विवाद होतो असे नव्हे. ब्रिटिश सरकारने १८९३ साली अफूविषयी शाही कमिशन नेमिले व १८९५ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. अफूबंदीची गरज नाही, असा त्याचा कल होता. कित्येक मिशनरींनी त्यापुढे उलट साक्ष दिली होती. अफूच्या उत्पन्नावर त्या वेळच्या सरकारचा खजिना किती अवलंबून होता, हे ध्यानात घेतल्याखेरीज तो अहवाल नीट वाचता येत नाही. तसेच आज पकडलेला माल जितका मोठा दिसेल तितकी पकडणाऱ्याची कामगिरी मोठी दिसते, हे पोलिसांचे निवेदन वाचताना लक्षात असू द्यावे. यात पोलिसांवर अविश्वास नाही. निवेदन कोणाचे आहे एवढेच पाहणे आहे.

छायाचित्रांविषयी थोडेसे. पोत्यांच्या राशीचे चित्र बातमीखाली आले म्हणून ते त्याच छाप्याचे, असे गृहीत धरू नये. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय गुगलवर आहे. तेच चित्र दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या देशाच्या बातमीखाली आढळले, तर निकाल लागला. घरी ज्यास हे साधत नसेल त्याने मुलाकडून करवून घ्यावे. यात बापाचा मान जात नाही.

राहिला माणसांचा प्रश्न. या लेखात आम्ही कारखान्याचे वा कोणा आरोपीचे नाव घातलेले नाही, ते जाणून. अटक, मालाच्या रासायनिक पृथक्करणाचा अहवाल, आरोपपत्र आणि निकाल या चार निरनिराळ्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीस मोठा मथळा मिळतो; शेवटचीस बहुधा आतल्या पानावर चार ओळी. ज्यास निकाल पाहावयाचा असेल त्यास न्यायालयांच्या सरकारी संकेतस्थळावर खटल्याची पुढील तारीख व झालेले हुकूम विनामूल्य पाहता येतात. त्यास लागतो तो खटल्याचा क्रमांक आणि न्यायालयाचे नाव. मोबाइलवर आलेल्या निरोपात या दोन गोष्टी सहसा नसतात.