प्रकाशाने वायूची पारख : सिलिकॉनच्या चकतीवरील अवरक्त दीप

जुन्या विहिरीत गाळ काढण्यासाठी माणूस उतरण्यापूर्वी दोराला पेटता कंदील बांधून खाली सोडण्याची चाल खेड्यापाड्यांतून होती. कंदील विझला, तर तळाशी कोंदट वायू साचला आहे असे समजावयाचे. ही पारख अगदीच निरुपयोगी नव्हती. परंतु मैलाटाकीत साचलेल्या मिथेन वायूत हीच ज्योत स्फोटाला कारण होते. ज्योत न पेटविता वायू ओळखण्याचा एक मार्ग अवरक्त किरणांचा आहे, आणि तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

१८५९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जॉन टिंडल यांनी सुमारे चार फूट लांबीच्या नळीत निरनिराळे वायू भरून त्यांतून उष्णतेचे अदृश्य किरण सोडले. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे काही वायू हे किरण शोषून घेतात, असे त्यांना आढळले. नळीची तोंडे त्यांनी काचेऐवजी सैंधवाच्या पट्ट्यांनी बंद केली होती, कारण काच हे किरण अडविते. काचेची ही अडचण पुढे पुन्हा येणार आहे.

प्रत्येक वायूचे शोषण ठराविक तरंगलांबीला होते. मिथेन ३.३ मायक्रॉनच्या आसपास, तर कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रॉनला प्रकाश शोषतो. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) वायू जितका अधिक आणि प्रकाशाची वाट जितकी लांब, तितकी घट मोठी. दिवा, नळी व प्रकाशमापक हे तिन्ही नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर बसवावयाचे, तर ही लांब वाट आणावयाची कोठून?

यासाठी चकतीवर एकदोन मायक्रॉन रुंदीची सिलिकॉनची पट्टी कोरतात. तिला प्रकाशवाहिनी म्हणता येईल. पाटातून पाणी जावे तसा प्रकाश तिच्यातून वळणे घेत जातो, आणि पट्टी वेटोळी केली की काही मिलिमीटर जागेत कित्येक सेंटिमीटरांची वाट मावते. वायू मात्र पट्टीच्या बाहेर असतो. प्रकाशाचा थोडा अंश पट्टीच्या पृष्ठभागाबाहेर पसरून तिच्यालगत चालतो, त्याच्यावरच सारी मदार. हा अंश दहावा हिस्सा असेल, तर दहा सेंटिमीटर पट्टीचे काम मोकळ्या हवेतील साधारण एक सेंटिमीटर वाटेएवढे होते. पट्टी अरुंद केल्यास बाहेरचा अंश वाढतो, पण वळणांवर प्रकाश निसटू लागतो. शिवाय पट्टी सहसा सिलिकॉन डायऑक्साइडच्या, म्हणजे एका परीने काचेच्याच, थरावर बसविलेली असते आणि चार मायक्रॉनच्या सुमारास हा थर प्रकाश खाऊ लागतो. म्हणून काही रचनांत तो खालून कोरून काढतात व पट्टी हवेत अधांतरी ठेवतात.

दिव्याचा प्रश्न याहून बिकट आहे. सिलिकॉन स्वतः प्रकाश देण्यात फार दुबळे. सोपा उपाय म्हणजे पातळ पडद्यावरील सूक्ष्म तार विजेने तापविणे. सुमारे ४०० अंश सेल्सिअसला तिचे प्रारण ४.३ मायक्रॉनच्या आसपास सर्वाधिक असते. अशी तार स्वस्त पडते. परंतु तिचा प्रकाश चहूकडे फाकतो आणि वाहिनीत अल्पसाच शिरतो. १९९४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झालेला क्वांटम कॅस्केड लेसर प्रकाश नेमका व जोरकस देतो, पण त्याचे अर्धवाहक थर सिलिकॉनहून भिन्न असल्याने ते चकतीवर निराळे आणून चिकटवावे लागतात. किंमत तेथेच वाढते. नगरपालिकेच्या प्रत्येक सफाई पथकाला साधन द्यावयाचे असेल, तर तापलेल्या तारेचाच मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो.

विहिरीतील ओलावा हीही एक कसोटी आहे. पट्टीवर दव धरले, तर पाणी ३ मायक्रॉनच्या आसपास प्रकाश जोराने शोषते आणि मिथेनचा खोटा भास होऊ शकतो. यास्तव वायू शोषत नाही अशा दुसऱ्या तरंगलांबीशी तुलना करतात. पृष्ठभाग किंचित तापवून कोरडा ठेवणेही उपयोगी पडते.

मात्र प्राणवायू अवरक्त किरण शोषत नाही, त्यामुळे हवेत तो किती उरला आहे हे या साधनाला कळत नाही. मैलाटाकीतील घातक हायड्रोजन सल्फाइडचे शोषणही फार क्षीण असते. या दोहोंसाठी विद्युत-रासायनिक मापक बरोबर ठेवावेच लागतात, आणि त्यांचा काटा निर्धोक दाखवीपर्यंत टाकीत कोणासही उतरवावयाचे नसते.