रोप लावण्याचा पैसा व झाड जगविण्याचा पैसा

धाराशिव जिल्ह्यातील वाचकांस बालाघाटच्या डोंगरांचे वर्णन करून सांगण्याचे प्रयोजन नाही. भूम, वाशी किंवा तुळजापूर तालुक्यातील माळावरून जो कोणी वैशाखात चालला असेल, त्यास सावली शोधणे म्हणजे काय हे ठाऊकच आहे. सरकारी वनपाहणीप्रमाणे ह्या जिल्ह्याच्या भूमीपैकी शेकडा एक भागही वनाच्छादित नाही. आणि देशाची एकतृतीयांश भूमी वनाखाली असावी, असे १९८८ सालच्या राष्ट्रीय वननीतीत म्हटले आहे. पाऊस सरासरीने सुमारे ३० इंच. परंतु तो थोडक्या दिवसांत पडतो, उघड्या मुरमावरून धावतो, आणि शेतातील माती सीना, मांजरा व तेरणा ह्या नद्यांच्या स्वाधीन करतो. मागे माळ उघडा राहतो व विहीर कोरडी राहते.

झाडे असावीत ह्याविषयी कोणाचा वाद नाही. म्हणून त्यांचे गुण आम्ही येथे वर्णीत नाही. प्रस्तुत पाठाचा विषय पैसा हा आहे. गावाने आपले रान व आपले शेत पुन्हा उभे करावयाचे ठरविले, तर पैसा कोठून यावा, कोणाच्या हाती असावा आणि कशावर खर्च व्हावा, ह्याचा विचार करावयाचा आहे.

१. खड्डा मोजावा की झाड?

महाराष्ट्र सरकारने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी व २०१९ साली ३३ कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला होता. पुढे त्यांतील किती जगली ह्याविषयी शंका उत्पन्न होऊन २०२१ साली विधानमंडळाच्या समितीकडून चौकशी करण्याचे ठरले. ह्यात कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. बोध मात्र घ्यावा. खड्ड्याची मोजणी एका दिवसात होते. झाडाची मोजणी तीन उन्हाळे गेल्यावर होते. बाहेरून येणारा पैसा बहुधा खड्डा, रोप व पहिल्या दिवसाची मजुरी ह्यांवर खर्च होतो. फाल्गुनापासून मृगापर्यंत कोणी घागरभर पाणी घालावयाचे, शिरलेले जनावर कोणी हाकावयाचे, ह्यासाठी त्यात तरतूद क्वचितच असते. म्हणून रोप लावण्याचा पैसा निराळा व झाड जगविण्याचा पैसा निराळा, हे तत्त्व प्रथम मनात ठसवावे. पहिला पैसा सरकार किंवा परोपकारी संस्था देऊ शकते. दुसरा पैसा गावानेच उभा करावा लागतो.

२. ज्या वनास रोप विकत घ्यावे लागत नाही

आफ्रिका खंडात नायजर नावाचा देश आहे. तेथील मराडी प्रांतात टोनी रिनाउदो नावाचे एक ऑस्ट्रेलियन मिशनरी रोपे लावीत असत, आणि त्यांतील बहुतेक मरत. १९८३ साली त्यांच्या ध्यानात आले की, शेतात जी खुरटी झुडपे दिसतात ती झुडपे नव्हत. तोडलेल्या वृक्षांच्या जिवंत खुंटांस फुटलेले ते धुमारे आहेत. शेतकऱ्यांनी प्रत्येक खुंटावरील दोन-चार सरळ धुमारे राखिले, बाकीचे छाटून सरपणास नेले, आणि सुमारे २० वर्षांत जवळजवळ ५० लाख हेक्टर भूमीवर झाडे पुन्हा उभी राहिली. तेथे झाड पूर्वी सरकारचे समजले जाई. जो राखील त्याचे झाड, असा विश्वास लोकांस वाटू लागला तेव्हाच हे काम पसरले.

आमच्या माळांवरही बोर, पळस, निंब व सीताफळ ह्यांचे खुंट दरवर्षी फुटतात, आणि दरवर्षी कुंपणासाठी, चुलीसाठी किंवा खव्याच्या भट्टीसाठी तोडले जातात. ज्या मुळास पाणी घालावे लागत नाही त्याला राखणे हे नवे रोप लावण्याहून पुष्कळ स्वस्त आहे. म्हणून निधीसाठी अर्ज लिहिण्यापूर्वी गायरानातील जिवंत खुंट मोजावे. असे केल्याने मागावयाची रक्कम कमी होईल व जगण्याची खात्री वाढेल.

३. शेळीचा प्रश्न

येथे कोणी म्हणेल, "खुंट राखावयाचे तर चराई बंद करावी लागेल, मग आमच्या शेळ्यांनी काय खावे?" हा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारणारा बहुधा भूमिहीन असतो. उस्मानाबादी शेळी ही ह्या जिल्ह्याच्या नावाने सर्वत्र प्रसिद्ध आहे. ज्याला शेत नाही त्याची ती पेढी आहे. आजारपणात व मुलांच्या शिक्षणात तीच विकून पैसा उभा राहतो. गायरान हे त्याच्या दृष्टीने ओसाड रान नव्हे. पडीक जमीन भूमिहीनांस मिळावी म्हणून १९६४ साली दादासाहेब गायकवाड ह्यांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह झाला, हेही विसरू नये. ज्या गावात बागायतदार चराईबंदीचा ठराव करतात व त्याची किंमत भूमिहीन भरतात, तेथील वन न्यायाने उभे राहिले असे म्हणता येणार नाही. आणि ते फार दिवस टिकणारही नाही.

ह्यावर उपाय आहेत. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात राहून काम केलेले स्विस जेझुइट पाद्री हर्मन बाखर ह्यांच्या खटपटीने, जर्मनीच्या साह्याने व नाबार्डमार्फत, महाराष्ट्रात पाणलोट विकासाचा जो कार्यक्रम चालला, त्यात गावाने श्रमदानाचा वाटा द्यावा व कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळावी असा नियम होता. परंतु भूमिहीन कुटुंबांस व एकट्या स्त्रीच्या संसारास श्रमदानातून सूट देण्याची मोकळीक ठेविली होती. त्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे रानात जनावरे सोडणे बंद करून गवत विळ्याने कापून नेण्याची पद्धत घालण्यात आली. आमची सूचना अशी की, गायरानाचे तीन भाग करून एका वेळी एकच भाग बंद करावा. त्यातील गवत कापण्याचा पहिला हक्क शेळी पाळणाऱ्या भूमिहीनांस द्यावा. आणि राखणदाराची नोकरीही त्यांच्यातीलच कोणास द्यावी.

४. शेतातून रानास आधार

रान एकटे वाचत नाही. घरच्या शेतात चारा, सरपण व अन्न पिकेल तरच रानावरचा भार हलका होईल. ह्याचा धडा ह्याच जिल्ह्यातील स्त्रियांनी घालून दिला आहे. १९९३ सालच्या ३० सप्टेंबरच्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपात ह्या जिल्ह्यातील सास्तूर आदी गावे उद्ध्वस्त झाली. त्यानंतरच्या घरबांधणीत, प्रेमा गोपालन ह्यांनी स्थापिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांस पुढे आणिले. पुढे बचत गट झाले. आणि २०१२ नंतरच्या दुष्काळी वर्षांत ह्याच स्त्रियांनी घरच्या जमिनीतून अर्धा ते एक एकर मागून घेतला. सबंध शेतात सोयाबीन किंवा ऊस न लाविता त्या तुकड्यात त्यांनी कडधान्ये, ज्वारी व भाजीपाला अशी मिश्र पिके घेतली, शेणखत व गांडूळखत घातले आणि घरचे बी राखिले. नगदी पीक बुडाले तरी चूल विझली नाही. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने ह्या संस्थेस इक्वेटर पारितोषिक दिले.

५. थैली कोणाच्या हाती?

मोठा पैसा आजवर अनेक वाटांनी आला. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमी योजनेने १९७२च्या दुष्काळात मजुरी दिली, व १९७७ साली तिचा कायदा झाला. १९९९-२००० साली नाबार्डमध्ये २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी स्थापन झाला. २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प धाराशिव धरून १५ जिल्ह्यांत चालला. ह्या शेवटच्या प्रकल्पात शेतकऱ्याने आधी खर्च करावयाचा व मग अनुदान त्याच्या खात्यात यावयाचे, असा नियम होता. चोरी टाळण्यास हा नियम चांगला. परंतु ज्याच्यापाशी आधी खर्चावयास काहीच नाही तो दाराबाहेरच राहतो, किंवा सावकाराकडे जातो. म्हणून गावापाशी स्वतःची लहानशी थैली असणे अगत्याचे आहे: गरिबास आगाऊ रक्कम देण्यासाठी व झाड जगविण्यासाठी.

हिशेब अवघड नाही. उदाहरणादाखल २०० घरांचे गाव घेऊ. त्यांतील ५० भूमिहीन घरांस वर्गणी माफ. उरलेल्या १५० घरांनी महिना ४० रुपये दिल्यास वर्षाचे ७२,००० रुपये होतात. इतक्यात एका राखणदारास दरमहा ६,००० रुपये बारा महिने देता येतात. चाळीस रुपये म्हणजे चार कप चहाचे मोल. ह्या वर्गणीस बाहेरची देणगी किंवा गवताचे उत्पन्न मिळाले, तर आगाऊ रकमेची सोय होते.

थैलीसाठी तीन नियम पुरेत. पहिला, पैसे काढण्यास तीन सह्या लागाव्या, त्यांत एक स्त्रीची व एक भूमिहीनाची असावी. दुसरा, जमाखर्च दर महिन्यास सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावा, म्हणजे ज्यास अक्षर येत नाही तोही पंच होईल. तिसरा, दर चैत्रात जिवंत झाडे मोजून तो आकडा जमाखर्चाशेजारी लिहावा. ज्या गावाची वही अशी आहे, ते गाव देणगीदारापुढे याचक म्हणून न जाता भागीदार म्हणून जाईल.

वर्गासाठी प्रश्न

१. आपल्या गावी गेल्या पाच वर्षांत रोपे लावली गेली काय? त्यांपैकी आज किती उभी आहेत? शिक्षकांनी वर्गास बरोबर नेऊन मोजणी करावी.

२. आपल्या गायरानात कोणकोणत्या जातीच्या झाडांचे जिवंत खुंट आहेत? त्यांची यादी करा.

३. गायरानाचा एक भाग बंद केल्यास कोणाच्या किती शेळ्यांचा चारा तुटेल? त्यांच्या घरी जाऊन विचारा. त्यांच्यावतीने आपण उत्तर देऊ नये.

४. आपल्या गावची वर्गणी वरील रीतीने मांडून दाखवा. सह्या करणारे तिघे कोण असावे, आणि का?