आधी कागद, मग कॅमेरा

निसर्गाची छायाचित्रं काढून पोट भरायचं ठरवलेली मुलं चेन्नईत माझ्याकडे येतात आणि कोणती लेन्स घेऊ, असं विचारतात. मी आधी कराराचं विचारतो.

एका हॉटेलने लॉबीसाठी माझ्याकडून एन्नोरची खाडी आणि पल्लीकरणैची पाणथळ टिपून घेतली. बोलणं तोंडीच झालं, पैसे मात्र वेळेवर मिळाले. पुढे तीच चित्रं त्यांच्या कॅलेंडरवर झळकली. मी त्या चित्रांच्या माझ्या सहीच्या प्रती विकायला काढल्या, तेव्हा हॉटेलचीच नोटीस आली. वकिलाने १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं १७वं कलम समोर ठेवलं. मोबदला देऊन कुणी छायाचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. स्वतःच्या मनाने, स्वतःच्या खर्चाने काढलेलं चित्र तुमचं. त्याचे हक्क कुणाला द्यायचे तर लेखीच द्यावे लागतात आणि मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

एकाच धन्यावर विसंबण्याची परवड या शहरात जुनी आहे. लिनियस ट्राइप १८५६ साली मद्रास सरकारचा छायाचित्रकार झाला. मदुरै, श्रीरंगम आणि आपल्या भोसल्यांचं तंजावर त्याने मोठाल्या कागदी निगेटिव्हवर उतरवलं. आभाळ कोरं येई, म्हणून त्यावर हाताने ढग रंगवले. १८५९ साली गव्हर्नर म्हणून आलेल्या ट्रेव्हेलियनला ही चैन वाटली आणि ते खातंच बंद झालं. एवढ्या तोलामोलाच्या माणसाचं काम एका सहीने थांबलं, याची मला आजही हळहळ वाटते.

म्हणून घरखर्च लग्नाच्या, इमारतींच्या किंवा शिकवणीच्या कामावर चालू द्या. प्रती विकून नियमित पैसा यायला वर्षं जातात. किती प्रती काढणार ते आधीच ठरवा, प्रत्येकीवर क्रमांक घाला, वहीत नोंद ठेवा आणि ठरवलेला आकडा कधीही वाढवू नका.

इथली दमट हवाही शत्रूच. एका ग्राहकाची फ्रेम उघडली, तर कागद काचेला चिकटलेला आणि कडांना तपकिरी बुरशी. काच आणि चित्र यांच्यामध्ये आम्लमुक्त माउंट हवाच.

चेन्नई फोटो बिएनाले २०१६ पासून भरतं आहे. तिथे जाऊन इतरांचं काम बघा. आणि कुणी काम सांगितलं, तर ‘कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील’ एवढं करारात लिहून घ्या. समोरचा तयार नसेल, तर हक्कांची किंमत वेगळी लावा किंवा सरळ नाही म्हणा.