रानातील डबा आणि त्याचा रंग

पोळ्याच्या दिवशी आपल्या देवणीच्या गोठ्यांतून जी धांदल उडते ती तुम्हांस ठाऊकच आहे. बैलांस धुतात, त्यांच्या शिंगांस हिंगूळ लावतात व वर बेगड चिकटवितात. तो रंग एका दिवसाच्या उत्सवाचा असतो; चार पावसांत तो उतरला तरी कोणी हळहळत नाही. परंतु जो रंग वर्षानुवर्षे उन्हापावसात टिकावा अशी आपली इच्छा असते, तो देण्याची रीत निराळी आहे. ती आम्ही एका लहानशा डब्यावर शिकलो, आणि शिकण्यापूर्वी एक चूकही केली. तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

हा डबा 'जिओकॅशिंग' नावाच्या खेळातील होय. कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने पृथ्वीवरील स्थान सांगणारी 'जीपीएस' ही योजना अमेरिकेने उभारली, तेव्हा सामान्य जनांस मिळणाऱ्या संदेशांत मुद्दाम थोडी अशुद्धता ठेवण्यात आली होती. २००० सालच्या मे महिन्याच्या आरंभी ते बंधन उठले. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगन संस्थानातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली लपविली आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. ज्यास ती सापडेल त्याने आतील वहीत आपले नाव लिहावे, एखादी वस्तू घ्यावी व तिच्या जागी दुसरी ठेवावी, एवढाच नियम. कल्पना तशी जुनीच आहे. १८५४ साली इंग्लंडातील डार्टमूरच्या ओसाड माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या ठिकाणी एक बाटली ठेविली होती, व तेथवर पायी जाणारे लोक तीत आपल्या नावाची पत्रिका टाकीत.

भूगोलाच्या तासास पाठ केलेले अक्षांश-रेखांश या खेळात पायांखाली येतात, म्हणून आम्ही मुलांसह तो आरंभिला. एका शेतकऱ्याची परवानगी घेऊन त्याच्या बांधावरील कडुलिंबाच्या बुंध्याशी डबा ठेवावयाचे ठरले. घरात गोड्या तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता. तो वरवर पुसला, हिरव्या चकचकीत रंगाचा एकच जाड हात दिला, आणि दुसऱ्याच दिवशी तो रानात नेऊन ठेविला. दिसावयास तो फार सुंदर होता.

श्रावणात त्या रंगास फोड आले. दसऱ्याच्या सुमारास पोपडे सुटू लागले. त्याच दिवसांत एक मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीस जाण्यापूर्वी बांधावर गेला व वहीत आपले नाव, इयत्ता आणि तारीख लिहून आला. चैत्रात तो परतला तेव्हा मित्रांस घेऊन ते नाव दाखवावयास गेला. डबा गंजून झाकणाशी फाटला होता व वहीचा लगदा झाला होता. तो काही बोलला नाही. ती वही त्याने मिटून पुन्हा डब्यात ठेविली. त्या दिवशी आम्हांस कळले की, आपण डबा रंगविला होता, पण सांभाळला नव्हता.

आता चूक कोठे झाली ते पाहू. पत्र्यावर तेलाचा अंश राहिला की रंग पत्र्यास न धरता तेलावर नुसता पसरतो. मग एखाद्या चिरेतून पाणी आत शिरले म्हणजे लोखंड गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, आणि रंगास खालून उचलून टाकतो. एकच जाड हात दिला तर वरची साय वाळते व आत ओल राहते. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. दिवसा डब्यातील हवा प्रसरण पावून फटीतून बाहेर पडते. रात्री ती आकुंचन पावली की बाहेरील दमट हवा आत ओढली जाते. अशा रीतीने सैल झाकणाचा डबा जणू श्वासच घेतो, आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडी ओल आत घेतो.

दुसरा डबा आम्ही पुढील रीतीने केला. झाकणास रबरी कडे असलेला व चारही बाजूंस खटके असलेला प्लास्टिकचा डबा घेतला. तो साबणाने धुऊन पूर्ण वाळविला. अशा डब्याच्या गुळगुळीत प्लास्टिकवर साधा रंग ठरत नाही. म्हणून बारीक काचकागदाने त्याची चकाकी घालविली, धूळ पुसली व प्लास्टिकसाठी मिळणारे अस्तर दिले. डबा लोखंडी असता तर गंज खरवडून रेड ऑक्साईडचे अस्तर दिले असते. अस्तर वाळल्यावर रंगाचे तीन पातळ हात दिले, आणि पहिला हात पुरता सुकल्यावाचून दुसरा दिला नाही. काम सावलीत, कोरड्या दिवशी केले. शेवटी झळाळी नसलेल्या वॉर्निशाचा हात देऊन डबा आठवडाभर तसाच राहू दिला. ओला रंग बोटास चिकटत नाही म्हणजे तो पक्का झाला असे समजू नये.

नोहाच्या तारवास आतून व बाहेरून डांबर लावल्याची कथा आपण ऐकली आहे. आमच्या डब्यास मात्र आतून रंग लावावयाचा नाही, आणि रबरी कड्यास व ते जेथे टेकते त्या कडेस तर मुळीच नाही. तेथे रंगाचा थर बसला की झाकण घट्ट बसत नाही. म्हणून तो भाग चिकटपट्टीने झाकून घ्यावा. वही आणखी एका बंद पिशवीत ठेवावी, व शाईऐवजी शिसपेन्सिल ठेवावी; ओलीने शाई पसरते, पेन्सिलीचे अक्षर राहते. खाण्याचा पदार्थ आत ठेवू नये. त्याच्या वासाने मुंग्या व जनावरे येतात.

नक्षीविषयी मुलांत वाद झाला. कोणास फुले हवी होती, कोणास तिरंगी पट्टे. तेव्हा आम्ही त्यांस आपल्या देवणी गाईंकडे पाहावयास सांगितले. शेवेरा जातीच्या गाईच्या पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असतात. ती झाडाच्या कवडशांत बसली म्हणजे दुरून तिचा आकार चटकन ध्यानी येत नाही. ठिपके आकाराची कड मोडून टाकतात. हेच तत्त्व आम्ही घेतले. काळ्या मातीचा, वाळल्या गवताचा व लिंबाच्या सालीचा असे तीन फिके रंग स्पंजाने थोपटले, आणि लिंबाची पाने डब्यावर ठेवून भोवती रंग उडविला. पाने काढताच त्यांचे ठसे राहिले. नक्षीही झाली आणि डबा रानात मिसळूनही गेला. अगदी काळा रंग मात्र आम्ही टाळला, कारण तो ऊन फार शोषतो.

तथापि लपविणे निराळे व फसविणे निराळे. इंग्लंडातील वेदरबी गावी २०११ साली असाच एक डबा बाँब समजून लष्कराच्या पथकाने नष्ट केला होता. म्हणून डब्यावर मराठीत व कानडीत, कारण कर्नाटकाची सीमा येथून जवळच आहे, 'हा शाळेच्या खेळाचा डबा आहे, आत वही आहे' असे ठळक लिहावे. मालकाच्या परवानगीवाचून डबा ठेवू नये, जमीन खणू नये, आणि उदगीरच्या किल्ल्यासारख्या पुरातन वास्तूच्या भिंतींत तर कधीही खुपसू नये.

पालकांसही एक विनंती आहे. घरातील जुन्या रंगाचे डबे मुलांच्या हाती देऊ नयेत. रंगातील शिसे मुलांच्या मेंदूस अपाय करते. आपल्या देशात घरगुती रंगांत दहा लाख भागांस ९० भागांहून अधिक शिसे नसावे असा नियम २०१६ साली झाला व २०१७ च्या नोव्हेंबरापासून अमलात आला. त्यापूर्वीच्या रंगाची खात्री देता येत नाही. रंगकाम मोकळ्या हवेत, वडील माणसाच्या देखत व्हावे.

हा दुसरा डबा बांधावर ठेविला त्या दिवशी वहीच्या पहिल्या ओळीत कोणी नाव लिहावे याचा मुलांनी वाद घातला नाही. पेन्सिल त्यांनी आपण होऊन त्या मुलाच्या हाती दिली. पावसाळा सरल्यावर आम्ही झाकण उघडले. एका कोपऱ्याचा रंग थोडा उडाला होता, तो आम्ही घासून पुन्हा लावला. वही कोरडी होती. तो मुलगा तेव्हा उसाच्या फडावर होता. त्याचे नाव, इयत्ता आणि तारीख जागच्या जागी होती.