प्रकाश सांधा शोधतो

कॉम्प्युटरवर ब्रॅकेट आणि फ्लँजची सॉलिड मॉडेलं करण्यात भोसरीत नऊ वर्षं गेली. मग स्कूटरच्या पॅनेलसाठी सरफेसिंग शिकायला बसले. तेव्हा उमगलेलं थोडंसं.

१. पॉइंट वाढवले की वक्र बिघडतो. माझ्या कडेत २२ कंट्रोल पॉइंट होते आणि जागोजागी बारीक लाटा. शेजारच्या दादांनी तीच कड सहा पॉइंटांत, पाचव्या डिग्रीच्या एकाच वक्रात बसवली. जुने जहाजबांधणी करणारे लवचीक लाकडी पट्टी शिशाच्या वजनांनी अडवून रेघ आखत; वजनं मोजकी असली की पट्टी आपसूक डौलात वळे. मी भीतीपोटी वजनं वाढवत होते.

२. वक्राला ओढायचं ते लांबून. टोकांचे दोन सोडले तर कंट्रोल पॉइंट सहसा वक्रावर नसतातच. हे गणित १९५९ च्या सुमारास सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी मांडलं, पण कंपनीने ते गुपित ठेवलं. रेनोतल्या पिएर बेझिए यांचं काम प्रसिद्ध झालं, म्हणून वक्राला नाव त्यांचं. दोघांच्याही डोळ्यांपुढे गाडीचा पत्राच होता. माझी अडचण इतकी जुनी आहे हे कळल्यावर धीर आला.

३. चिकटणं म्हणजे मिळून जाणं नव्हे. दोन सरफेसच्या कडा जुळल्या, मी समाधानी. तपासायला स्क्रीनवर झेब्रा पट्टे, म्हणजे प्रतिबिंबासारखे काळे-पांढरे पट्टे, लावले तर ते सांध्यावर तुटलेले. स्पर्शिका जुळवल्यावर पट्टे भेटले, पण कोपरा करून. वक्रताही जुळली तेव्हाच ते सांध्यावरून सलग वाहिले.

४. बाहेरून देखणं असलेलं आतून उभं राहीलच असं नाही. पॅनेलला २.५ मिलिमीटर जाडी आत द्यायला गेले आणि ऑफसेट फसला. एका वळणाची त्रिज्या होती २ मिलिमीटर. आतला सरफेस स्वतःवरच दुमडत होता. दोन आठवड्यांचं काम पुन्हा केलं. आता पहिली रेघ काढण्याआधी जाडी विचारते.

५. शेवटचा परीक्षक स्क्रीनवर नसतो. मोल्डमधून आलेलं पहिलं पॅनेल रंगकामातल्या काकांनी ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं, हळूहळू फिरवलं आणि एका जागी अंगठा टेकवला. घाईच्या दिवशी मी तिथे स्पर्शिकेवरच थांबले होते.