ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर स्टीफन्स

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी हा पाठ आम्ही मैलूरहून लिहीत आहोत. आमच्याकडची मुले घरी मराठी, बाजारात कानडी व शेजारी उर्दू बोलतात. तेव्हा प्रभूची गोष्ट कोणत्या भाषेत सांगावी, हा प्रश्न आम्हांस दर आठवड्याला पडतो.

फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडात झाला. ते रोमन कॅथलिक. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिकांचा छळ होई. प्रॉटेस्टंट असलो तरी हे आपण लपवू नये. ते रोमला जाऊन १५७५ त जेझुइट संघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आले. पुढे १६१९ त देहावसान होईपर्यंत त्यांची बहुतेक वर्षे साष्टी प्रांतात गेली.

त्या वेळी पोर्तुगीज सत्तेने साष्टीतली देवळे पाडली होती व हिंदू ग्रंथांस मनाई केली होती. सत्तेच्या जोरावर झालेले हे काम सुवार्तेला शोभणारे नव्हते, असे आमचे स्पष्ट मत आहे. नव्या ख्रिस्ती माणसाची पोथी गेली, तिच्या जागी काय? ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच असा एक ब्राह्मण ख्रिस्ती पाद्रीला विचारतो की, आमची पुराणे बंद केलीत, तर दुसरे पुराण का देत नाही?

त्याचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ओवी ज्ञानेश्वर-एकनाथांची. स्वर्गाला ते बेधडक ‘वैकुंठ’ म्हणतात, पवित्र आत्म्याला मात्र ‘स्पिरितु सांतु’ हे पोर्तुगीज नाव ठेवतात. कोणता शब्द घ्यावा, कोणता टाळावा, यावर वर्गात अवश्य चर्चा घ्यावी. आम्ही घेतली, तेव्हा तासभर पुरला नाही.

येथील लिपीचे खिळे पाडावेत म्हणून १६०८ त त्यांनी रोमला लिहिले होते. ते साधले नाही, आणि १६१६ त हे मराठी पुराण रोमन अक्षरांत छापले गेले. १६४९ व १६५४ त पुन्हा छापले. पण या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ त तर गोव्याच्या सरकारने लोकभाषेवरच बंदी घातली.

ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. ख्रिस्ती घराण्यांनी जपलेल्या प्रतींवरून १९०७ त मंगळुरास जोसेफ सालढाणा यांनी तो रोमन लिपीत छापला. देवनागरीत छापलेले ख्रिस्तपुराण मराठी वाचकाच्या हाती आले ते १९५६ त, पुण्याच्या शांताराम बंडेलू यांच्या श्रमाने.