वासनिकाची देवपूजा : अधिकार, सोवळे आणि अनन्यता

परमेश्वरधर्मात भिक्षुकाला अटन-विजनादी आचार विहित आहे. वासनिकाला मात्र प्रपंचात राहूनच धर्म आचरावयाचा असल्यामुळे त्याच्या घरातील देवपूजेला विशेष महत्त्व येते. या पूजेसंबंधी तीन प्रश्न उद्भवतात : अधिकार कोणाचा, सोवळे कोणते आणि पूज्य कोण? पहिल्या दोन प्रश्नांची चर्चा लोकांत फार होते. तिसरा गृहीत धरला जातो. वस्तुतः तिसऱ्याचा निर्णय हाच पूजेचा प्राण होय.

प्रथम अधिकाराचा विचार. लौकिकात षोडशोपचार पूजा पुरुषसूक्ताच्या १६ ऋचांनी करण्याची रूढी आहे. आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंत एकेका ऋचेला एकेक उपचार. ज्यांना वेदाचा अधिकार नाही असे मानले गेले, त्यांच्यासाठी पुराणोक्त मंत्र योजले गेले. या भेदातून केवढा कलह उद्भवतो ते कोल्हापूरने पाहिले आहे. इ. स. १८९९ मध्ये पंचगंगेवरील कार्तिकस्नानाच्या प्रसंगी छत्रपती शाहू महाराजांसाठी पुराणोक्त मंत्र म्हटले जात असल्याचे उघड झाले आणि वेदोक्ताचा वाद पेटला. सिंहासनावरील राजालाही ‘तुझा मंत्र कोणता’ असे विचारले जाते, तेथे सामान्य कुणबी-कोष्ट्याची कथा काय!

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी तेराव्या शतकातच हा प्रश्न मुळातून सोडविला. त्यांनी मोक्षधर्माचे निरूपण मराठीत केले आणि त्यातून स्त्रीशूद्रांना वगळले नाही. पुढे केशिराजबासांना संस्कृतात ग्रंथरचना करावीशी वाटली, तेव्हा श्रीनागदेवाचार्यांनी त्यांना निवारले; तसे झाल्यास मार्गातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील, ही त्यांची चिंता होती. ज्या मार्गात आचार्य अशी चिंता वाहतात, तेथे घरच्या पूजेला परक्या पुरोहिताची अपेक्षा उरत नाही. नामधारक म्हातारी आपल्या बोलीत नाम घेईल, दंडवत घालील, तीच पूजा.

आता सोवळे. मासिक धर्माच्या दिवसांत स्त्रीने देवाजवळ जाऊ नये, ही रूढी घरोघरी आहे. स्वामींचे निरूपण याहून भिन्न आहे. नाक, कान, डोळे यांतून जसा मळ येतो, तसाच हाही देहाचा एक स्राव असून तो आपोआप निवर्ततो. त्याचा विटाळ मानू नये, असा त्याचा आशय आहे. स्नान, स्वच्छ वस्त्र, स्वच्छ पात्र हे अवश्य असावे. परंतु देहधर्माला पाप समजणे हा विचार नव्हे.

मुख्य प्रश्न पूज्याचा. हातकणंगल्याकडील एखाद्या घरातील देव्हारा डोळ्यांपुढे आणावा. त्यात जोतिबाचा टाक असतो, अंबाबाईची मूर्ती असते, शेजारी दत्ताची तसबीर असते. त्या घरातील सुनेने उपदेश घेतला आहे, सासूने घेतलेला नाही. सुनेने काय करावे? येथे पूर्वपक्ष असा : देव्हाऱ्यात दत्त आहेतच, दत्तात्रेय प्रभू पंचकृष्णांपैकी एक, मग त्याच देव्हाऱ्यात हात जोडले तर दोष कोणता?

उत्तर असे. नरसोबाच्या वाडीच्या प्रभावाने त्या मुलुखात रूढ झालेले त्रिमुखी रूप हे ब्रह्मा-विष्णु-महेशांच्या एकत्वाचे आहे. आपल्या मार्गात श्रीदत्तात्रेय प्रभू हे साक्षात परमेश्वरावतार होत, तीन देवतांचा समुच्चय नव्हेत. नाम एक असले तरी पूज्य भिन्न झाले. जीव, देवता, प्रपंच, परमेश्वर हे चार पदार्थ ज्याला कळले, त्याने देवतेच्या ठायी परमेश्वरबुद्धी ठेवू नये. सूत्रपाठातील ‘अन्यव्यावृत्ती’ या नावातच ही दिशा आहे.

परंतु येथेच दुसरी चूक संभवते. अनन्यतेच्या अभिमानाने टाक उचलून नदीत सोडणे, सासूच्या श्रद्धेची थट्टा करणे, ही अनन्यता नव्हे. देवता मिथ्या आहेत असे आपले शास्त्र म्हणत नाही. त्या नित्यबद्ध आहेत, नाशिवंत फळ देतात, मोक्ष देऊ शकत नाहीत, एवढेच म्हणते. शिवाय अहिंसा हा आचाराचा पाया आहे आणि वृद्धेचे अंतःकरण दुखविणे हीही हिंसाच. म्हणून सुनेने आपले विशेष वेगळ्या शुद्ध जागी ठेवावेत. जोतिबापुढे स्वतः पूजाबुद्धीने हात जोडू नयेत. पण सासूच्या हातातील तबकही हिसकावू नये. तिची सेवा, औषधपाणी, जेवणखाण यांत कसूर करू नये. ‘या पोरीचा देव कोणता?’ असा प्रश्न सासूच्या मनात उठेल तो वादाने नव्हे, आचरणाने.

वासनिकाचा नित्यक्रम सोपा असावा. पहाटे उठून नामस्मरण, स्नानोत्तर विशेषांना गंध-पुष्प, धूप-दीप, उपहार, विडा, आरती, पंचावतारांचे स्मरण, गीतेचे थोडे वाचन आणि दंडवत. गिरणीची पाळी असेल, शेताला पाणी द्यावयाचे असेल, त्या दिवशी उपचार कमी व्हावेत. नाम कमी होऊ नये. उपचार सोळा झाले आणि चित्त सोळा ठिकाणी विखुरले, तर पूजा घडली नाही. फूल एकच असले आणि चित्तही एकाच ठिकाणी स्थिर असले, तर पूजा पूर्ण झाली, असे साधकाने निश्चित जाणावे.